मशीनसमोरच्या माणसाची वकील

बाबा, कोडिंग सोडून मी डिझाइनमध्ये जाते असं सांगितलं तेव्हा तुम्ही अंबरनाथ पश्चिमेच्या आपल्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसला होतात, आणि तुमचा हात थांबला नाही. एवढंच विचारलंत, "कसलं डिझाइन? ब्लाउजचं?" मी समजावलं, की ॲप वापरताना माणूस कुठे अडतो ते बघायचं आणि तिथली मांडणी बदलायची. तुम्ही आईकडे बघून म्हणालात, हिला कम्प्युटर इंजिनीअर केली ती बटणं कुठे लावायची ते ठरवायला. आठवडाभर तुम्ही माझ्याशी फक्त गॅस आणि पाणी या विषयांवर बोललात. त्यात शेजारच्या काकूंनी 'डिझायनर' एवढंच ऐकलं आणि नातवाच्या बारशाची रांगोळी मला सांगून ठेवली. तुम्ही ती मला काढायला लावलीत, वर म्हणालात, निदान हे तरी लोकांना दिसतं.

मग माझं पहिलं काम आलं, वीजबिल भरायचं ॲप. ते वापरून बघायला वयस्कर माणूस हवा होता, म्हणून तुम्हाला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. नियम असा, की समोरचा अडला तरी आपण मदत करायची नाही, नुसतं बघायचं. तुम्ही चष्मा पुसलात, बिल उघडलंत आणि 'पुढे' कुठे आहे ते शोधत राहिलात. ते बटण फिकट राखाडी, पार खाली. मी वहीत टिपून घेत होते. तुमचे कान लाल होत चाललेले. आई बोट दाखवायला आली तर तिलाही मी हाताला धरून मागे घेतलं. शेवटी फोन पालथा ठेवून म्हणालात, "बाप अडलेला बघत बसायचं, ह्याचा पगार देतात तुला?" आणि मग जरा हळू, "नाही जमत आता मला. वय झालं."

ते मात्र मला ऐकवेना. "बाबा, चूक तुमची नाही. स्क्रीनची आहे."

तुम्ही कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होतात. मशीन अडली की पहिला मेमो ऑपरेटरला, हे तुमचं आयुष्यभराचं शास्त्र. पण दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य तुम्ही असं काही वापरायला लागलात, की आईला तुमच्याबरोबर बाहेर जायची लाज वाटायला लागली. एटीएमने पैसे न देताच कार्ड परत दिलं, तुम्ही वॉचमनला ऐकवलंत, चूक माझी नाही, स्क्रीनची आहे. बदलापूरला मावशीकडे मिक्सरचं झाकण न लावता बटण दाबलंत, चटणी छताला गेली, तेव्हाही तेच. मावशी म्हणाली, मिक्सरला स्क्रीन कुठाय? तुम्ही म्हणालात, तीच तर चूक आहे.

तुम्ही गेल्यावर उल्हासनगर कॅम्प पाचमधले तुमचे एक सिंधी मित्र, कापडवाले, भेटायला आले. चहाला नको म्हणाले. मग म्हणाले, "बेटा, तेरे पापा दुकान पे सबको बोलते थे, मशीन के डॉक्टर बहुत हैं, मेरी लड़की मशीन के सामनेवाले आदमी की वकील है." माझ्यापाशी मात्र तुम्ही ह्यातलं चकार शब्द काढला नव्हतात.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगायला हरकत नाही. हल्ली नव्या मुलांना हे काम शिकवते तेव्हा पहिल्याच दिवशी मी तुमचं ते डॉक्टर-वकिलाचं वाक्य म्हणते. तुमचं म्हणून नाही, माझं म्हणून. टाळ्या पडतात, आणि त्या मी ठेवून घेते.