दुसऱ्या कढईचं तेल

१७ जानेवारी २०२६
संपादकांचा फोन. तळणीच्या जळक्या तेलावर लेख हवाय — त्यातून डिझेल, गोरगरिबांना रोजगार, आठशे शब्द, "आणि जरा आशादायक." संस्कृत घेऊन एम.ए. झाल्याचा हा असा फायदा. मला कुठलाही विषय चालेल असं त्यांना वाटतं. आशादायक आठशे शब्द मात्र कुठल्याच कोशात सापडायचे नाहीत!
संध्याकाळी चौकात धोंडप्पाच्या गाड्यावर एक प्लेट भजी. दिवसभरात कुणाशी बोललो असेन तर तेवढंच.

१९ जानेवारी
लेखासाठी काशम्माचं तेल गोळा करायचं केंद्र पाहिलं. अक्कलकोट रोडला बंद पडलेल्या यंत्रमागाची शेड, आत एक निळं बॅरल आणि आठ बायका. हॉटेलांतून, घरांतून तळून उरलेलं तेल विकत घ्यायचं, गाळायचं. बॅरल भरलं की डिझेल करणाऱ्या कंपनीची गाडी येऊन नेते. नाही भरलं तर गाडी रिकामी परत. दोनदा तशी गेली. अठ्ठावीस फेब्रुवारीला तिसऱ्यांदा गेली की करार संपला — आठही जणी पुन्हा विड्या वळायला.
काशम्मा वळसंगची, पन्नाशीची, आवाज खणखणीत. घरोघरी मागून तेल मिळत नाही का, असं विचारलं. हसायलाच लागली. "कुठली बाई देती हो सायेब? सणाचं तळण झालं की गाळून डब्यात, दुसऱ्या दिवशी भाजीच्या फोडणीला. मी बी तेच करते की."
कंपनीनं मात्र दर घरी महिन्याला अर्धा लिटर उरतं असं धरलंय. कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावून बघितलं होतं, देव जाणे.

२३ जानेवारी
घरं नाहीत तर दुकानं. मोठ्या फरसाणवाल्याकडे गेलो. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत तर त्याच्याकडे डबेच्या डबे तेल उरलं असणार. जातं कुठं? मुनीम आधी बोलेना. चहा आल्यावर बोलला. कंपनीपेक्षा लिटरमागे दहा रुपये जास्त देणारं गिऱ्हाईक पहाटे दारात उभं असतं — भज्या-वड्यांचे गाडेवाले!
म्हणजे एका कढईचं उष्टं दुसरीत, दुसरीचं तिसरीत. न्यायशास्त्रात याला अनवस्था म्हणतात, शेवटच न लागणारी माळ. इथे शेवट लागतो. गिऱ्हाइकाच्या पोटात.
फार दिवसांनी हाताला खरी बातमी लागली. परत येताना चक्क गुणगुणत होतो.

२४ जानेवारी
पहाटे फरसाणवाल्याच्या मागच्या दाराशी जाऊन थांबलो. डबा घेऊन आला तो धोंडप्पा.
मला बघून म्हणाला, "सायेब, येवढ्या सकाळी? भूक लागली व्हय?"

२५ जानेवारी
भजी नाहीत. घरीच. आमचा गॅस पेटतो तो चहापुरता. ही गेल्यावर कढई अंकितानं पुण्याला नेली — "बाबा, तुम्ही काय तळणार?" लेक आहे, बरोबरच बोलली.
छापलं तर धोंडप्पाचा गाडा उचलतील. नाही छापलं तर काशम्माचं बॅरल रिकामं. या शहरात कामाशिवाय माझ्याशी बोलणारा माणूस एक, आणि नेमका तोच बातमीत!

२८ जानेवारी
गेलोच शेवटी. सरळ विचारलं. तो झारा हलवत राहिला. मग म्हणाला, "व्हय, आणतो. नव्या तेलात तळायचं तर वीसची प्लेट तीस करावी लागंल. तुमी याल. बाकीचे येतील का?"
मी कढईतल्या तेलाकडे बघितलं.
"आन् तुमी तर रोज खाताय. अजून धडधाकट हाय न्हवं?"
आहे, म्हटलं. त्यानं प्लेट पुढे सरकवली. खाल्ली.

२ फेब्रुवारी
काशम्मालाच गाड्यावर घेऊन गेलो. यापलीकडे काही सुचलं नाही. धोंडप्पा मैंदर्गीचा. दोन वाक्यांत दोघांचं कन्नड सुरू झालं आणि मी बाहेर! मला पाणिनीची सूत्रं येतात, कन्नड येत नाही. तिनं आठ बोटं दाखवली, म्हणजे आठ बायकांचं सांगत असावी. त्यानं गाड्यावरून हात फिरवला. मध्येच दोघंही माझ्याकडे बघून हसले. का, ते सांगितलं नाही. विचारलंही नाही मी.

९ फेब्रुवारी
गाड्यावर खडूनं लिहिलंय — नवीन तेल, प्लेट ३०. गिऱ्हाईक : मी.

१४ फेब्रुवारी
आजही मीच. पलीकडच्या गाड्यावर वीसच्या प्लेटला गर्दी. मी दोन प्लेट घेतल्या, तिसरी सांगितली. धोंडप्पानं दिली नाही. "सायेब, उगा पोट बिघडवून घेऊ नका. येका माणसावर गाडा चालत न्हाय."

२१ फेब्रुवारी
गाडा नव्हता. तो लागायचा तिथे रस्त्यावर तेलाचा काळा डाग तेवढा. थोडा वेळ तिथे उभा राहिलो. एकानं विचारलं, काका, काही पडलं का तुमचं?

२८ फेब्रुवारी
बॅरल भरलं! कंपनीची गाडी आली, घेऊन गेली. करार पुढे चालू. काशम्मानं सगळ्यांना पेढा दिला, मला दोन.
धोंडप्पा आता केंद्राचा माणूस. गाडा तोच, कढईच्या जागी डबे. केंद्राची निम्मी कमाई रिक्षाभाड्यात जात होती, ती वाचली. फरसाणवाल्याला पैसे कमी मिळतात, तरी देतो, कारण गाडेवाले वरचं निवळ तेल तेवढं घेतात, हा तळाच्या गाळासकट उचलतो. सगळं तेल मात्र फरसाणवाला अजून देत नाही म्हणे. पलीकडच्या गाड्याला लागतंच. बॅरल भरण्यापुरतं मिळतं.
लेख पाठवला. आशादायक झालाय आणि खराही आहे, म्हणजे दुर्मीळच. चौक टाळून घरी आलो.

६ मार्च
दारावर थाप. धोंडप्पा! "तेल हाय का सायेब?"
नाही, म्हटलं.
"व्हय की. येकट्या माणसाकडं कुठलं तेल."
चहा टाकतो म्हटलं. पण त्याला लिटरवर पैसे मिळतात आणि पुढची घरं राहिली होती — दहा दारं ठोठावली की एखाद्या दारी मिळतं म्हणे. या गल्लीत दर शुक्रवारी येणार आहे. जिथं तेल निघतं त्याच दारांशी थांबणार. बरोबर आहे. खिडकीतून बघत होतो, कोपऱ्यावर वळला.

११ मार्च
कढई घेतली. लोखंडी, जड. अंकिताला फोन करून विचारलं, भज्यांचं पीठ कितपत सैल लागतं?  ती म्हणाली, "बाबा, किती माणसांची करायचीत?"
म्हटलं, अर्धा लिटर तेल उरेल एवढी.