कल्याणचं घड्याळ

पाथर्डी,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. कल्याणदादास शि. सा. न. वि. वि.

तुमच्या चौकीवर फोन लागत नाही, म्हणून पत्र. आई-आबा टोळीबरोबर श्रीगोंद्याला ऊसतोडीला गेलेत. कॉलेज आणि शेळ्या, दोन्ही माझ्याकडं.

ते जायच्या आधी तू पाठवलेला नव्या घड्याळाचा फोटो दाखवला, तर आबा म्हणाले, मोबाईलात येळ दिसती की, हे कशाला? आई म्हणाली, घड्याळाला अख्खा दिवस घातला, नवरी निवडायला तरी एवढा वेळ लावू नको म्हणावं. खरंच, तुम्हा फौजींना घड्याळाचा एवढा कसला तोरा?

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी राजेश्वरी

चौकीवरून,
९ डिसेंबर २०२४

चि. राजेश्वरीस अनेक आशीर्वाद.

वर्दी, बूट, पांघरूण, केस कापायची तऱ्हासुद्धा सरकारची. मनगटावरचं तेवढं आपण निवडायचं. नगरला ट्रेनिंग संपलं तेव्हा मी आणि शेजारच्या खाटेवरचा दोस्त श्रीमंत, दोघांनी अख्खा रविवार घड्याळाच्या दुकानात काढला. काटे अंधारात दिसले पाहिजेत, काच चमकता कामा नये, बटण हातमोज्यातून दाबता आलं पाहिजे. गस्तीला निघताना सगळे सेकंदाला सेकंद जुळवतो. ज्याचं मागं पडतं, त्याची दिवसभर थट्टा.

आबांना सांग, आपल्या घरात वेळ कायम मुकादमाची होती. त्याची शिट्टी वाजली की थंडीत उठायचं. ही वेळ मी माझ्या हातानं बांधलीय.

आईला जप. लोभ आहेच.
तुझा दादा

लष्करी दवाखाना,
२ फेब्रुवारी २०२५

चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

हे एकटीनं वाच. गस्तीवर बर्फाचा कडा सुटला आणि श्रीमंत खाली गाडला गेला. मी हातानं उकरत राहिलो. डावा हातमोजा कुठं गळाला, कळलंच नाही. श्रीमंत सापडला तेव्हा सवयीनं मनगटाकडं बघितलं. एकेचाळीस मिनिटं झाली होती. तो गेलेला होता.

त्याच्या आईनं फोनवर विचारलं, लगेच गेला का. मी हो म्हणालो. घड्याळ नसतं तर मलाही ते खरं वाटलं असतं.

गारठ्यानं मेलेला माझा डावा हात मनगटाच्या वर कापला. घड्याळ उशाशी आहे. उजव्या हातावर बांधायचं तर दुसरा माणूस लागतो, आणि मला कुणाला सांगवत नाही.

आई-आबांना कळवू नकोस. भेटायला कुणी येऊ नका.
दादा

पाथर्डी,
१० फेब्रुवारी २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. श्रीगोंद्याला फडात जाऊन सांगितलं. आईनं हातातली मोळी खाली ठेवली. त्याला भाकरी कोण मोडून देतं, एवढंच तिनं विचारलं. मुकादम आबांना म्हणाला, गाडी भरा आणि मग जा. आबा तसेच फडातून निघाले, त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

उद्याच्या एसटीनं आबा निघतील, पुढं रेल्वेनं; हे पत्र त्यांच्याच हाती देतेय, फाटकावरून ते आधी आत पाठवतील. दवाखान्यात दुपारनंतरच भेटू देतात असं मी सांगितलं, तर म्हणाले, मी सकाळपासून फाटकाशी बसंन.

त्यांना बघून तोंड फिरवू नकोस. तुला धीर द्यायला त्यांच्याजवळही काही उरलेलं नाही. नुसते बसतील. बसू दे.

तुझीच,
राजेश्वरी