कठड्यातला भुंगा

३ मार्च
गॅलरीच्या कठड्याखाली पुन्हा भुसा! सकाळी झाडला, दुपारी तेवढाच. पिवळसर, रव्यासारखा. वाळवी म्हणावी तर माती नाही. दादाला सांगितलं. कारखान्यातल्या अपघातात त्याचे डोळे गेले त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून तो गॅलरीतल्या खुर्चीत बसून असतो. "हो", "नको" यापलीकडे बोलत नाही. आज म्हणाला, "वाळवी नाही. आत कुणीतरी कुरतडतंय. सकाळपासून ऐकतोय."

४ मार्च
सापडलं! कठड्याच्या खालच्या अंगाला भोक. इतकं गोल, की कुणी गिरमिटानं पाडलंय म्हणावं. दादाची करंगळी त्यात बरोबर बसली — तेवढ्यात आतून गुरगुर. "काढ ते बोट!" मी ओरडले. दादा हसला. हसला!

५ मार्च
घरमालकीण दिसली. काळी कुळकुळीत, पोट पॉलिश केलेल्या बुटासारखं. म्हणजे भुंगा! लाकूड पोखरून घर करणारा. दुसरा एक तोंडासमोर येऊन घोंगावतो, दम देतो. वाचलं — तो नर, त्याला नांगीच नाही. नुसता गरजतो! मादीला असते, पण कुणी छेडल्याशिवाय ती सहसा डसत नाही. (आणि दादानं बोट घातलं होतं!)

७ मार्च
फवारा आणला. दादा म्हणाला, "थांब. आधी कुठवर गेलीय ते कळू दे." कठड्याला कान लावून बसला. तो सांगेल तिथे मी खडूनं खुणा करत गेले. "बोटभर सरळ. मग उजवीकडे वळलीय."

११ मार्च
आज जेवताना दादा आपणहून बोलला. विषय — भुंगा. चालेल!

१५ मार्च
सुतार आला. म्हणाला, "आत्ता भोक बुजवाल तर दुसरीकडून पोखरून बाहेर येतील. पिल्लं उडाली की बुजवा, आणि रंग द्या. उघडं, कोरडं लाकूड म्हणजे त्यांना आमंत्रणच." मग खडूच्या खुणांवर ठोकत गेला. बरोबर तिथेच पोकळ आवाज! "या खुणा कुणाच्या?" दादानं हात वर केला, शाळेतल्यासारखा. सुतार म्हणाला, "माझ्या दुकानाच्या आढ्यातही शिरलेत. मला जागाच सापडत नाही. या की एकदा!"
दादा काही म्हणायच्या आत मीच बोलून बसले — "सध्या नको. दोन रस्ते ओलांडायचे..."
दादा उठून आत गेला. दार लावून घेतलं.

१६ मार्च
दार बंदच. ताट तसंच परत. भुसा पडला का, एवढंसुद्धा विचारलं नाही. त्याच्या वतीनं बोलायला मला कुणी सांगितलं होतं?

१८ मार्च
दादा झोपलाय म्हणून सकाळभर पाय न वाजवता वावरले. साडेअकराला फोन. सुतार! "तुमचे भाऊ पोचले, बरं का. एकटेच आलेत. शिडीवर चढू देऊ का, तेवढंच विचारायचं होतं."
मागून दादाचा आवाज — "अहो, तिला काय विचारताय!"