शांत तासाला आलेला नारळ

साक्री, ६ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप नानांस,
दिपमालाचा शि. सा. नमस्कार.

आपण दोघं मास्तर. तुम्ही सावद्यात निवृत्त, मी इथे नोकरीत, पण गाऱ्हाणं एकच: पोरांना गप्प करण्यात आपला जन्म जातो, आणि गप्प झालेल्या पोराच्या मनात काय चाललंय ते कुणी विचारत नाही. फोनवर आपण एकमेकांना बोलू देत नाही, म्हणून पत्र.

नववीच्या मुलांना मी प्रार्थनेनंतर थोडा वेळ शांत बसवते. डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं, बस्स. मुलांना ते आवडतं. पण मंगळवारी सरिता नावाची मुलगी बसल्या जागी डोलू लागली आणि हमसून रडली. पोरांनी गावभर केलं, सरिताच्या अंगात आलं. दुसऱ्या दिवशी तिची आजी रुख्माबाई नारळ, हळदकुंकू घेऊन शाळेत हजर! मागे चार बाया, देवीला विचारतात तसं विचारायला. एकीने हरवलेल्या शेळीचं विचारलं. मला हसू फुटलं, आणि ते त्यांनी पाहिलं. आता सरिताचे वडील रुपसिंगभाऊ म्हणतात, मॅडमनी पोरीवर काहीतरी केलं. हा महिना संपला की तिची शाळा बंद. मी काय करू?

काकूंना नमस्कार. रागवा, पण माया पातळ करू नका.
तुमची दिपमाला

सावदा, ११ डिसेंबर

चि. दिपमालास अनेक आशीर्वाद.

पोरांना श्वास शिकवतेस आणि तुला हसू आवरत नाही! आधी रुख्माबाईंची माफी माग.

मी रागावलोच आहे. डोळे मीट म्हटलं की मिटायचे, ही कसली शांतता? ही पुन्हा आज्ञाच झाली! ज्याला मिटायचे नसतील त्याने उघडे ठेवावेत, खिडकीतून झाड बघावं. आणि ती का रडली, हे तू तिला विचारलंस का? अख्ख्या पत्रात शेळीची चौकशी आहे, पोरीची नाही. तिच्या घरी जा.

काकू म्हणते, यांनी आधी स्वतः घटकाभर गप्प बसून दाखवावं. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.
तुझ्यावर जीव असलेला,
नाना

साक्री, १७ डिसेंबर

तीर्थस्वरूप नानांस शि. सा. नमस्कार.

गेले. रुख्माबाईंच्या पाया पडले. त्यांनी मला कुंकू लावलं आणि शेळी सापडल्याचं सांगितलं. त्याचं श्रेय सरितालाच मिळालंय, आता कुणाला काय सांगायचं!

सरिताला विचारलं. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग म्हणाली, आई नि दादा ऊसतोडीला गेल्यापासून पहाटे उठल्याबरोबर कुणी ना कुणी काम सांगतं. पाणी आण, भाकरी टाक, बकऱ्या सोड. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं, काहीच करू नको. म्हणून रडू आलं, मॅडम. अंगात काही आलं नव्हतं.

रुपसिंगभाऊ दारात उभे राहून ऐकत होते. मी निघाले तेव्हा एवढंच म्हणाले, इचार करस, पण ती शाळामा गयी तर घरनं काम कोन करी? त्यांना दोन ओळी लिहा, मी वाचून दाखवीन. दोन म्हणजे दोनच, नाना. तुमचं भाषण आमच्या डोंगराला झेपायचं नाही.

आशीर्वाद असू द्या.
दिपमाला

सावदा, २१ डिसेंबर

रा. रा. रुपसिंगभाऊ यांस पितांबर मास्तरचा नमस्कार.

पुतणीने दोनच ओळी लिहायला बजावलंय, त्यातली एक इथेच संपली.

भाऊ, तुम्ही बाप, मीही बाप. लेकी मनातलं सांगत नाहीत म्हणून आपण कुरकुरतो. तुमची लेक बोलली, आणि तुम्ही पाठ न फिरवता ऐकलंत. पुष्कळ शिकलेल्या बापांना एवढं जमत नाही! तिच्यावर कुणी काही केलेलं नाही. ती थकली आहे. थकलेल्या लेकराला बसू द्यायचं असतं, शाळेतून काढायचं नसतं.

घरचं काम कोण करील, हे तुम्ही विचारलंत. तर सोमवारी पहाटे तिला हाक मारू नका. पाण्याचा हंडा तुम्ही उचला, आणि तिला दप्तर घेऊन शाळेत पाठवा.