प्रवाळाची निवळी

९ फेब्रुवारी १९८५
सु.ची तेरवी होऊन चार दिवस झाले. पाहुणे गेले. थोरली बहीण म्हणून बाई तेवढी मागे राहिली, अड्याळचं स्वतःचं घर शेजाऱ्यांवर टाकून.
आज म्हणाली, "वसंता, हे टाकीतलं खारं पाणी आता वैनगंगेत सोडून दे. जिचं होतं ते तं गेली."
 बायकोची राख सोडली ती पुरली नाही वाटतं नदीला.

१० फेब्रु.
टाकी तीन फुटी. पाणी सु. घरीच बनवायची, पाच प्रकारचे क्षार मोजून. प्रमाण कपाटाच्या दाराआड चिकटवलेलं आहे. ती शिकवायची त्या कॉलेजच्या सहलीत गुजरातच्या किनाऱ्यावरून प्रवाळ आणलं, तेव्हा लिंबाएवढं होतं. रेल्वेत दोन दिवस डबा मांडीवर. सहा वर्षांत माझ्या मुठीच्या दुप्पट झालं. तपकिरी, अंगभर बारीक तोंडं, दुपारी साडेचार-पाचला उघडतात.
हा दगड नाही, जनावर आहे, हे सांगून सांगून ती थकली. लोक म्हणायचे, बरं बरं.

११ फेब्रु.
प्रवाळ पाण्यातला चुना घेऊन अंग वाढवतं, म्हणून रोज चुन्याची निवळी द्यावी लागते. मुंबईच्या एका संशोधक बाईंनी तिला टाइप करून पाठवलेला कागद सापडला. 'थेंबाथेंबाने. घाई करू नये.' सु. कॉलेजला जाण्याआधी ड्रॉपर घेऊन अर्धा तास बसायची. मला वाटायचं, उगाच लाड.
आज मला सकाळी सात वाजता टेलिफोन एक्स्चेंजला हजर व्हायचं होतं. सगळी वाटी एकदम ओतली. पाणी दुधासारखं झालं. दुपारी साडेपाच झाले तरी एक तोंड उघडलं नाही.
स्वतःचा संताप आला.

१४ फेब्रु.
तिचे विभागप्रमुख आले होते. सोबत शिपाई, शिपायाच्या हातात रुंद तोंडाची बरणी.
"जिवंत आहे तोवर फॉर्मलिनमध्ये टाकलं तर आकार चांगला राहतो. मॅडमच्या नावाची चिठ्ठी लावू. म्युझियममध्ये ठेवू."
हेच गृहस्थ स्टाफरूममध्ये 'मॅडमचं मिठाचं दुकान' म्हणून हसायचे. सु.नं स्वतः सांगितलं होतं, हसत हसतच. टाकीवरच्या ट्यूबलाइटसाठी तिनं कॉलेजकडे दोनदा अर्ज केला, दोनदा परत आला. आता नावाची चिठ्ठी.
म्हणालो, "सर, ते जिवंत आहे."
"किती दिवस?"
दार उघडून उभा राहिलो. चहा विचारला नाही. बाई नंतर मला खूप बोलली. बोलो.

१५ फेब्रु.
किती दिवस, म्हणे! काल हे उत्तर सुचलं नाही, आज सुचतं आहे: तुमच्या नोकरीपेक्षा जास्त.

१७ फेब्रु.
टेलिफोनची शंभर कनेक्शनं बिनमाणसाची चालतात आणि माझ्या घरी वाटीभर निवळी चालू नये?
विचार केला. टाकीचं पाणी दिवसभर उडतं. जेवढं उडेल तेवढीच निवळी आत आली पाहिजे, आपोआप. विजेवर भरवसा नाही. मग डोळ्यासमोरच होतं: कूलर. त्यातला गोळा पाण्याबरोबर खाली जातो, तोटी उघडते, पाणी येतं, गोळा वर, तोटी बंद. उन्हाळाभर कोणी हात लावत नाही. वर झाकणाची बादली ठेवायची, त्यात निवळी. बस.

१९ फेब्रु.
कूलरची तोटी मोठी पडते, ठिबकत नाही, बदाबदा येते. पितळी भांड्यांच्या गल्लीत रामाजींकडे गेलो. बारीक भोकाची तोटी, पातळ दांडी आणि पेरूएवढा पोकळ गोळा मागितला.
"थंडी सरली नाही अन् कूलर काढून राहिले काय बाबूजी?"
प्रवाळ वगैरे सांगितलं नाही. मासे आहेत म्हणालो.
"मग पितळेचीच घ्या. गोळा तांब्याचा देतो, हलका होते. नातवापर्यंत पाहावं लागत नाही."
आम्हाला नातू कुठला. पण काम पाहून बरं वाटलं. भंडारा पितळेचं गाव, इथल्या माणसाला प्लॅस्टिक दाखवूच नये.

२३ फेब्रु.
बसवलं. कळीचा चुना विझवून, निवळून, वरचं स्वच्छ पाणी तेवढं बादलीत. झाकण घट्ट, नाहीतर वर साय धरते. दुपारी ड्यूटीवरून आलो तर पाणी काचेवरच्या पेन्सिलच्या रेघेवर जसंच्या तसं. बादली बोटभर उतरलेली.
बाई खुर्ची टाकून पाहत बसली होती. "टिप... टिप... हे दिवसभर असंच? माह्या डोक्यात बसलं ना बापा."
पण हसली. तेरवीनंतर पहिल्यांदा.

२६ फेब्रु.
तोंडं साडेचारला उघडली. एकूण एक. सु. असती तर म्हणाली असती, तुम्हाला जमलं. ती मला अहो-जाहो करायची, चारचौघांत आणि एकटं असतानाही.

३ मार्च
रोज रेघेवर. आता मी टाकीकडे फारसं बघतही नाही. हेच हवं होतं.

७ मार्च
टाकीत प्रवाळासोबत गोगलगायी तीन होत्या. दोन उलट्या पडल्या आहेत. हातानं सरळ केल्या तर पुन्हा पडल्या.

८ मार्च
तिसरीही गेली. प्रवाळ मिटलेलं. साडेचार गेले, पाच गेले, साडेपाच.

९ मार्च
उजव्या कडेला चारेक बोटं पांढरं. मांस सुटून खालचा चुना दिसतो. निवळी जास्त तीव्र झाली का? माप पुन्हा केलं, बरोबर आहे. कागद पुन्हा वाचला. तोटीत दोष नाही, रेघेवर पाणी आहे. मग काय?

१० मार्च
कळलं. टाकीमागे बाईचा गंगाजलाचा गडू. काशीहून आणलेला, लाखेनं बंद केलेला. लाख फुटलेली.
विचारलं, हे काय.
"चमचाभर टाकलं. तिच्या नावानं. काहून, काय झालं?"
मी जे बोललो ते लिहीत नाही. चाळिशी उलटलेला माणूस थोरल्या बहिणीशी असं बोलत नाही. खुनी, असंही म्हणालो.
तिनं गडू उचलून पदराआड धरला. मग उठली. "एका चमच्यानं मेलं? अन् तुही मशीन दिवसभर चुन्याचं पाणी पाजून राहिली ते? तांब्याचा गोळा पंधरा रोज मिठात बुडवून ठेवला, त्याले कल्हई तरी आहे का? माह्या घरी बिनकल्हईच्या भांड्यात मी ताक नाही ठेवत रे, ताक! अन् तू मले शायनपत्ती शिकवतं!"
आता ती मला रसायन शिकवणार! सातवी पास.
दुपारच्या यष्टीनं गेली. सोडायला गेलो नाही.

११ मार्च
अजून राग उतरला नाही. सहा वर्षं एका बाईनं जीव लावून जगवलेलं दुसऱ्या बाईनं एका चमच्यात संपवावं, आणि वर मलाच कल्हई सांगावी. आपल्याकडे शिकलेल्याला काडीची किंमत नाही. एक्स्चेंजमध्ये साहेबांशीही वाद झाला. कारण नव्हतं.

१२ मार्च
आज चमच्याचा हिशोब केला. टाकीत पाणी शंभर लिटरच्या वर. त्यात एक चमचा गंगाजल.
एवढ्यानं गोगलगायही मरत नाही. मग उठून गोळा बाहेर काढला.
खालून हिरवा. दांडीच्या वळणावर बुरशीसारखा हिरवा कळक, नखानं निघणारा. तोटीच्या तोंडाशी हिरवा थेंब. तो थेंब निवळीबरोबर आत जात होता, दिवसभर, मला हवा होता तसाच. थेंबाथेंबानं.
या गावात जन्म गेला. बिनकल्हईच्या पितळेत आंबट-खारट ठेवलं की कळकतं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. आईनं मला कळकलेल्या ताकाबद्दल मारलंही होतं. मी मात्र मशीन पाहत बसलो.
रामाजींचा दोष नाही. त्यांना मी मासे सांगितले होते, खारं पाणी नाही.
बाईला काय काय बोललो ते आता एकेक शब्द आठवतं.

१३ मार्च
रजा. टाकीतलं अर्धं पाणी काढलं. क्षार मोजून नवं केलं, हवेच्या पंपावर ढवळत ठेवलं. तोटी, दांडी, गोळा सगळं काढून कोपऱ्यात फेकलं. निवळीसाठी सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून सलाइनचा सेट मागून आणला. कोरा होता. तरी हातात धरवेना. सु.च्या हाताला तेरा दिवस असाच सेट होता, मी असाच थेंब मोजत बसायचो.
लावला. काच, रबर, प्लॅस्टिक. धातू कुठंच नाही. सकाळी चिमटा फिरवून थेंब मोजायचे, संध्याकाळी पुन्हा. हे काही आपोआप म्हणता येणार नाही. चिमटा सरकतोही, कोणीतरी घरात लागतं.

१५ मार्च
पुन्हा पाणी बदललं. पांढरं जिथं होतं तिथंच आहे, पुढं सरकलं नाही. की मला तसं वाटतं? पेन्सिलनं काचेवर कड आखून ठेवली.

१७ मार्च
अड्याळला गेलो. बाई अंगणात लाखोरीच्या शेंगा झोडत होती. मान वर केली नाही.
"मेलं?"
"अर्धं."
"अन् बाकीचं?"
"माहीत नाही. बाई, ते तुझ्यामुळं नव्हतं. गोळ्यामुळं. माझ्यामुळं."
काठी थांबली नाही. दोन-चार फटके आणखी.
"मले खुनी म्हटलं तू."
"हो."
"सु.ले शेवटी मी न्हाऊ घातलं वसंता. ह्या हातानं."
मी तिथंच बसलो. शेवटी काठी बाजूला टाकून म्हणाली, "चहा घेतं का, का तेही आपोआप येते तुह्याकडे?"
घेतला. यायला सांगितलं. म्हणाली, लाखोरी आटोपू दे.

२० मार्च
विभागप्रमुखांचा शिपाई. "सरांनी विचारलं, मेलं का म्हणून. मेलं असेल तर सांगाडा तरी द्या म्हणते."
म्हणालो, सरांना सांग, मी मेल्यावर माझाही घेऊन जा.
शिपाई गरीब माणूस, घाबरून गेला. त्याच्यावर काढायला नको होतं. पण सांगाडा! कोणाच्या घरी काय विचारावं याला काही मर्यादा?

२२ मार्च
बाई आली. पिशवीत लाखोरीची डाळ. गडू आणला नाही. आल्या आल्या पदर खोचून थेंब मोजायला बसली. "एका मिनटात किती पाह्यजे? वीस? हे पंचवीस होऊन राहिले, पाहत काहून नाही?" चिमटा तिनंच फिरवला.

२५ मार्च
या आठवड्यात ड्यूटी दहा ते सहा. दिवसभर दुसऱ्यांचे ट्रंक कॉल जोडतो, माझ्या घरी फोन नाही. साडेचारला जागा सोडता येत नाही.
घरी आलो तर बाई दारातच.
"एक तोंड उघडलं होतं. डाव्या बाजूनं, खाली. आताच मिटलं."
टाकीपुढं गेलो. सगळं मिटलेलं.
"खरं सांग."
"मंग काय शपथ घालू? एवढंसं होतं, मोहरीएवढं. हललं बी."
"दिसलं की वाटलं?"
"मले चष्मा लागला म्हणून तू असं बोलतं काय?"
ती मला बरं वाटावं म्हणून बोलते आहे का, हे तिच्या तोंडावरून ओळखता येत नाही. कधीच आलं नाही.

२६ मार्च
उद्या दुपारनंतरची अर्धी रजा टाकली. अर्जात कारण लिहावं लागतं. 'घरी आजारी' लिहिलं. साहेबांनी वाचलं, चष्म्यावरून पाहिलं. "आता कोण आहे तुमच्या घरी आजारी?"
 सही होईपर्यंत टेबलापुढून हललो नाही.