भिंतीकडे तोंड करून

६ जानेवारी, सोमवार
जालना. तीन दिवसांचं प्रशिक्षण. विषय: 'नावीन्यपूर्ण उपक्रम व क्षमता बांधणी.' निवृत्तीला पावणेदोन वर्षं राहिली अन् आता माझी क्षमता बांधायला घेतलीय! आम्ही ग्रामसेवक आता कागदावर ग्रामपंचायत अधिकारी झालो. गावात अजून भाऊसाहेबच.

हॉल तोच जुना. तेव्हा टाटपट्टी होती, आता फिरत्या खुर्च्या. नोकरीला लागलो त्या वर्षी इथंच साळवे भाऊसाहेबांशेजारी बसलो होतो. माझे पहिले वरिष्ठ, माझे गुरू. दुपारी पेपरात बांधलेली भाकरी काढायचे अन् न विचारता अर्धी माझ्यापुढे. आज बुफेच्या रांगेत ताट धरून उभा होतो, तर तीच भाकरी आठवली. मग गुमान पनीर वाढून घेतलं.

तांबे मॅडम शिकवतात. माझ्या मुलीच्या वयाच्या, पण डोकं तेज. परवा प्रत्येकानं आपल्या गावासाठी एक नवी कल्पना मांडायची म्हणे, चांगलीला बक्षीस. माझ्या डोक्यात ठणठणाट.

७ जानेवारी
चहाच्या वेळी एकदम आठवलं. हापसा!

तेव्हा ग्रामसभेला बायका यायच्या, मागे पदर ओढून बसायच्या, तोंडातून चकार शब्द नाही. पुढे सासरा, दीर, सगळी भावकी. म्हणून सभेच्या आदल्या दिवशी सकाळी साळवे भाऊसाहेब हापशाजवळ जाऊन बसायचे, तोंड शाळेच्या भिंतीकडे, पाठ बायकांकडे. मांडीवर वही. बायका पाणी भरता भरता त्यांच्या पाठीला सांगायच्या. नालीचं पाणी दारात येतं. शाळेत पोरींना आडोसा नाही. दिवाबत्ती फक्त पुढाऱ्यांच्या गल्लीत. हे वळायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी भर सभेत वाचायचे, "हापशावर असं म्हणतात." सरपंच लालबुंद, पण भांडणार कुणाशी? हापशाशी?

एकदा मी चिडवलं होतं, आवाजावरून तर कळतंच ना कोण आहे ते. म्हणाले, "कळतं की. पन ओळखायचं न्हाई, हे आपलं काम."

ते आवाज, हापशाच्या दांड्याची करकर, सगळं आज कानात. किती वर्षांनी. हेच मांडतो उद्या.

८ जानेवारी
मांडलं. नाव दिलं 'पाठमोरी सभा'. तांबे मॅडम खुर्चीतून उठल्या. "सर, हे तुम्हाला सुचलं कसं?" मी हसलो. नुसता हसलो. तिथंच चुकलं.

तालुक्यातून निवड झाली. २८ तारखेला जिल्ह्यापुढे सादर करायचं. फॉर्म आला. खाली छापलेलं: 'सदर कल्पना माझी स्वतःची आहे.' सगळे टाळ्या वाजवत होते. सही केली.

१० जानेवारी
परत गावी. झोप नीट नाही. सही आठवते.

साळवेंचं नाव सांगायला मला लाज नाही. पण नाव सांगितलं की पुढचा प्रश्न येणारच: इतकं चांगलं होतं तर बंद का पडलं? मीच बंद केलं. ह्याच गावात. त्यांची बदली झाली, पदभार माझ्याकडे आला, अन् मी ठरवलं की भिंतीकडे तोंड करून बसणं सरकारी माणसाला शोभत नाही. तेव्हाच्या एका प्रशिक्षणात तक्रारपेटीची कल्पना ऐकून आलो होतो. नवीन होती ना! निळा रंग देऊन पेटी लावली. दोन-तीन सभांपर्यंत बायका विचारत राहिल्या, "भाऊसाहेब, कधी बसनार?" मी ऐटीत पेटीकडे बोट दाखवायचो. त्यातल्या निम्म्या जणींना लिहिता येत नव्हतं, अन् येत होतं त्यांना चौकात सगळ्यांसमोर चिठ्ठी टाकावी लागणार होती! सहा महिन्यांनी पेटी उघडली. एक लग्नपत्रिका अन् विड्यांची थोटकं.

पुढे माझीही बदली झाली. फिरून फिरून तीन वर्षांपूर्वी इथंच आलो. तरी आठवलं नाही. आठवलं ते बक्षिसाच्या वेळी.

१२ जानेवारी, रविवार
वडीगोद्रीला गेलो. साळवे भाऊसाहेब हायवेवर मुलाच्या दुकानात बसलेले. पार थकलेत. एका कानानं कमी ऐकू येतं.

सगळं सांगितलं. सहीसकट. आधी हसले. "आधी सही ठोकली अन् मंग विचारायला आल्तास व्हय?"

म्हटलं, तुमचं नाव टाकतो.

"माझं कशाला? मलाबी एका म्हातारीनंच शिकवलं ते. म्हन्ली, भाऊसाहेब, तिकडं तोंड करा, मंग सांगते." चहा बशीत ओतला, फुंकला. "पन मला एक सांग. तू बसला का कधी?"

"नाही."

"एक दिवस बी न्हाई? न बसताच सांगून आला?"

पुढे त्यांनी विषयच काढला नाही. मुलाबाळांची चौकशी केली, स्टँडपर्यंत सोडायला आले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

२१ जानेवारी
मॅडमचा फोन. २८ ची तयारी झाली का, फोटो पाठवा. फोटो कुठून आणू?

२५ जानेवारी, शनिवार
उद्या ग्रामसभा. म्हणजे बसायचा दिवस आज.

हापसा केव्हाच गेला. घरोघर नळ आहेत. पण प्यायचं पाणी न्यायला बायका पंचायतीच्या पाणी-फिल्टरवर येतात. सात वाजता खुर्ची नेली अन् भिंतीकडे तोंड करून बसलो. शिपाई घाबरला. "भाऊसाहेब, बरं न्हाई का?" त्याला घरी पाठवला.

तासभर काही नाही. जार भरल्याचा आवाज, खुसखुस, हसणं. पाठीवर ऊन. अवघड असतं हे, कुणी सांगितलं नव्हतं. मान आपोआप वळायला बघते.

मग एक आवाज. तरुण. "हे पुन्हा चालू केलं का? आमच्या सासूबाई सांगत्यात, आधी एक भाऊसाहेब बसायचे."

"हो."

"मंग बंद कोन केलं?"

म्हणालो, "मी."

पाण्याचा आवाज थांबला. ती गेली की उभीच आहे, कळेना. वळलो नाही.

"का बरं?" तिनं विचारलं. "लिहा की वहीत."

लिहिलं. आज एवढं एकच आलंय वहीत: इतकी वर्षं हे बंद का ठेवलं?

उद्या सभेत वाचायचं आहे. वाचणारा मीच, अन् उत्तर देणाराही मीच.