केतकीच्या लाल पेशी

शनिवार, १५ नोव्हेंबर. कोलशेत, प्रयोगशाळा.
केतकी, माझी संशोधक विद्यार्थिनी, हाताला धरून मला काळ्या पडद्याआड घेऊन गेली. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या पेशी लाल. "मॅडम, कसल्या चमकतायत बघा ना. आता प्रबंध लिहायला घेऊ?" शिष्यवृत्ती संपत आली आहे तिची.
पेशींना दिले आहेत ते सोन्याचे मोजके अणू, अंड्यातल्या पांढऱ्याच्या प्रथिनाने धरून ठेवलेले. अतिनील प्रकाशात लाल चमकतात. इतकी वर्षे शिकवूनही हे पुन्हा कोणाला तरी समजावून सांगावेसे वाटते.
उरलेले बलक केतकी डोंबिवलीला घरी नेते. "बाबा म्हणतात, मॅडमना सांग, कधीतरी पांढरंही पाठवा."
हसले. पण सगळ्याच पेशी? आणि इतक्या लाल?

रविवार, १६. घरी, खोपट.
अंग मोडून आले आहे. डोक्यातून जात नाही. जिवंत पेशी बाहेरचे काही चटकन आत घेत नाही. अडवते, थोडे थोडे घेते. मेलेलीला अडवायला दारच उरत नाही.

सोमवार, १७.
केतकीला विचारले, शुक्रवारी दिवसभर वीज नव्हती तेव्हा काय केलेस?
"मी इन्व्हर्टर लगेच फ्रिजला जोडलेला, मॅडम. अंडी खराब झाली असती ना."
"आणि पेशींची ऊबपेटी?"
तिने वळून ऊबपेटीकडे पाहिले.
त्याच पेशींवर निळा रंग घातला. तो फक्त मेलेल्या पेशींत शिरतो. जवळजवळ सगळ्या निळ्या.
"म्हणजे मी अंडी वाचवली," म्हणाली, आणि बराच वेळ हात धूत राहिली.
शनिवारी काढलेली लाल पेशींची छायाचित्रे सुंदर आहेत. निळ्या रंगाचे कोणी विचारलेही नसते. हे दोघींनाही ठाऊक. शेवटी तिनेच ती छायाचित्रे पुसून टाकली.

बुधवार, २६.
नव्या पेशी वाढवल्या. या वेळी अर्ध्यांना सोने दिलेलेच नाही, तुलनेसाठी. निळा रंग तयार. इन्व्हर्टर ऊबपेटीला. बलक अजून वाटीत. केतकी म्हणते, "आधी बघू, मग ऑम्लेट."
"मॅडम, तुम्ही बघा आधी."
"नाही गं, तूच."
ती पडद्याआड, मी बाहेर बाकावर हे लिहिते आहे. पाठ दुखते. लाली फिकी दिसली तरी आनंद मानायचा, हे दोनदा समजावले आहे. काहीच दिसले नाही तर काय, ते सांगायचे राहिले.
आत स्टूल सरकल्याचा आवाज आला. पुन्हा शांत.